चुकार आकड्याचा न्याय

तांदूळ निवडताना खडा बाजूला काढावा, तसा प्रयोगाच्या वहीतला विसंगत आकडा काढून टाकावा, असे आपणां सर्वांस सहज वाटते. पण तो खडाच आहे हे ठरवावे कोणी? १८५२ साली बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने संशयास्पद निरीक्षण केव्हा गाळावे, याचा संभाव्यतेवर आधारलेला नियम मांडला. मनमानीला लगाम बसला खरा. परंतु आकडा वेगळा का आला, हे असा नियम सांगत नाही.

१८९२ च्या सुमारास इंग्लंडात लॉर्ड रॅले नायट्रोजन तोलीत होते. त्याच काचगोलात हवेतून काढलेला नायट्रोजन भरला की वजन येई सुमारे २.३१० ग्रॅम, संयुगांपासून काढलेला भरला की २.२९९. फरक अवघा अकरा मिलिग्रॅमचा! दोहोंची सरासरी काढली असती, तर येणारा आकडा यांपैकी कोणत्याच वायूचा नसता. रॅले यांनी पुनःपुन्हा तोलले, 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारले. पुढे विल्यम रॅम्झे यांची जोड मिळाली, आणि १८९४ मध्ये त्या फरकातून आर्गॉन हाती आला. हवेत तो शेकडा एकाच्या आसपास असतो, आणि तोवर तो नायट्रोजन म्हणूनच मोजला जात होता! १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

खडा जरूर टाकावा. पण टाकण्यापूर्वी उजेडात धरून पाहावा, आणि टाकलाच तर का टाकला हे वहीत लिहून ठेवावे. या इतिहासापासून आम्ही घेतो तो धडा एवढाच.