मोटारगाडीच्या चाकांचे व ब्रेकचे आवाज (निदान, विशेष संदर्भ बेंगळुरू)

चालत्या गाडीत चाक, हब, बेअरिंग, ब्रेक व त्यांना जोडलेले सांधे यांतून येणारे, नेहमीपेक्षा वेगळे आवाज. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा बदलतो, यावर निदान अवलंबून असते. चुंई, खरखर, घूंघूं ही वर्णने माणसागणिक बदलतात. शिवाय कंप गाडीच्या पत्र्यातून सगळीकडे पसरतो, त्यामुळे मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. ब्रेक दाबल्यावर, वळणावर, वेग वाढल्यावर आणि गतिरोधकावर आवाजाचे काय होते, एवढे गाडीमालकाने नीट सांगितले तर निम्मे काम गॅरेजात जाण्यापूर्वीच होते.

शहराची परिस्थिती : टॉमटॉम कंपनीच्या 2023 च्या वाहतूक आकडेवारीनुसार बेंगळुरूच्या मध्यभागी 10 किमी जाण्यास सरासरी 28 मिनिटे 10 सेकंद लागत, म्हणजे ताशी सुमारे 21 किमी. या वेगात ब्रेक सतत कामाला लागतो आणि बेअरिंगची घरघर मात्र ऐकूच येत नाही. ती ऐकायला ताशी 60 किमीच्या आसपास वेग हवा, म्हणून गाडी पहाटे नाइस रोडवर किंवा हेब्बाळहून विमानतळाकडे जाणाऱ्या उन्नत मार्गावर न्यावी लागते. जे. सी. रोडवर, सुट्या भागांच्या दुकानांसमोर गाडीला एक फेरी मारून सांगितलेल्या निदानावर फारसे विसंबू नये. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरातही जोरदार पाऊस असतो. रात्रभर भिजलेल्या बिडाच्या डिस्कवर पातळ गंज धरतो व सकाळी पहिल्या काही ब्रेकांना खरखर होऊन ती आपोआप जाते; तो दोष नव्हे.

ब्रेकची किंचाळी : हा फार जुना व पुष्कळ अभ्यासलेला आवाज. अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या ब्रेकला तांब्याचे अस्तर होते व तो असह्य ओरडे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराने हा त्रास कमी झाला, असे मानले जाते. मिल्स या संशोधकांनी 1938 मध्ये किंचाळीचे कारण मांडले ते असे : वेग वाढताना घर्षण कमी होते, त्यामुळे पॅड चिकटतो-सुटतो आणि कंप सुरू होतो. स्पर या संशोधकांनी 1961 मध्ये दाखवले की घर्षण स्थिर असले तरी पॅडच्या तिरक्या टेकण्यामुळे तो अडकून पुन्हा सुटू शकतो. नंतर डिस्क व पॅड यांचे कंप एकमेकांत मिसळून वाढतात, हा विचार पुढे आला. एकच सिद्धांत सर्व किंचाळ्यांना लागू पडत नाही. आवाजाची वारंवारता साधारण 1,000 ते 16,000 हर्ट्‌झ असते.

व्यवहारात आधी पॅडची जाडी पाहावी. नव्या पॅडचे अस्तर बहुधा 10 ते 12 मिमी असते. 3 मिमीच्या आसपास आले की पॅड बदलतात. पुष्कळ पॅडना पोलादी पट्टी असते. अस्तर झिजले की ती डिस्कला घासून मुद्दाम वाजते. काही गाड्यांत ब्रेक न दाबताही वाजते व दाबल्यावर थांबते. तिकडे दुर्लक्ष केल्यास पॅडचा पत्रा डिस्कवर घासू लागतो : जाड घरघर, डिस्कवर बोटाला लागणाऱ्या चऱ्या आणि दुप्पट बिल. नंदी हिल्सचा उतार गिअरवर न उतरता ब्रेक धरूनच उतरल्यास अस्तर तापून काचेसारखे गुळगुळीत होते व पुढे ओरडत राहते. ते पॉलिश पेपरने घासून देतात. उपाय किती टिकतो याविषयी मतभेद आहेत.

ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास सांगतात. बहुधा ती वाकलेली नसते, तिची जाडी फेरभर सारखी नसते. 15 ते 20 मायक्रॉनचा फरकही थरथरीला पुरतो. डिस्क लेथवर घासून घेण्यापूर्वी तिच्यावर कोरलेला किमान जाडीचा आकडा वाचावा.

अचानक सुरू झालेला, कानठळ्या बसवणारा कर्कश आवाज बहुतेकदा डिस्क व तिच्यामागचा पत्रा यांत अडकलेल्या खड्याचा असतो. गाडी थोडी मागे घेतल्यास खडा पडतो. टायरच्या खाचेतला खडा फेऱ्याला एकदा टकटकतो : ताशी 40 किमीला सेकंदाला सुमारे 6 वेळा.

ड्रम : बेंगळुरूत टॅक्सी म्हणून भरपूर चालणाऱ्या इनोव्हासारख्या पुष्कळ गाड्यांना मागे ड्रम आहेत. आत धूळ साचून ते ओरडतात. उघडून साफ करावेत, पण हवेच्या झोताने नव्हे. कारण उडणाऱ्या धुळीत जुन्या अस्तरांतले घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

बेअरिंग : वेगाबरोबर चढणारी, ब्रेक दाबला तरी न बदलणारी घूंघूं. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग संशयित. दुहेरी रांगेच्या बेअरिंगांत ही कसोटी कधी उलट लागते, म्हणून एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नये. गाडी जॅकवर घेऊन एका हाताने चाक फिरवावे व दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा; खराब बेअरिंगचा खडबडीतपणा स्प्रिंगमधून तळहाताला जाणवतो. मग चाक वर-खाली धरून हलवावे : खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवे धरून हलल्यास टाय रॉडचे टोक. टायर लाटेसारखा झिजला असल्यासही अगदी असाच आवाज येतो. पुढची-मागची चाके अदलाबदल करून आवाज जागा बदलतो का ते पाहणे, हा बेअरिंग बदलण्यापेक्षा स्वस्त मार्ग होय.

गतिरोधकावरचा खडखडाट : भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1988 च्या मानकाप्रमाणे (आयआरसी 99) गतिरोधक 3.7 मी. रुंद व 10 सेंमी उंच असायला हवा होता. गल्लीबोळांतील अरुंद, खड्या उंचवट्यांना हे माप क्वचितच लागू पडते. त्यांवर खडखडाट झाल्यास ब्रेक हलका दाबून पुन्हा जावे. आवाज थांबला तर कॅलिपरच्या पिना किंवा पॅडच्या क्लिपा सैल. न थांबल्यास दोष लिंक रॉड किंवा बुश यांत.

वळताना टकटक : स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलताना आल्यास बाहेरचा सीव्ही जॉइंट संशयित; त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस उडाले आहे का ते पाहावे.

एबीएस (चाके अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा) : जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली जाणवणारे ठोके व घरघर स्वाभाविक.

संशोधन : पुण्यातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना 1966) येथे वाहनांच्या आवाजाची व कंपांची चाचणी होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मनोहरलाल मुंजाल यांचे ध्वनिकीतील गाजलेले काम मात्र सायलेन्सरवर आहे.

विद्युत गाड्या : मोटरच गाडी रोखत असल्याने पॅड कमी झिजतात, डिस्क मात्र अधिक गंजते.