पिरेअसच्या मागची दोन खोल्यांची घरे

ग्रीस म्हटले की आपल्याला पार्थेनॉन आठवते, सॉक्रेटिस आठवतो, फार तर सान्तोरिनीचे निळे घुमट. अलीकडे मात्र आपल्याकडे ग्रीसमधल्या फ्लॅटच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. घर घ्या आणि युरोपात राहण्याचा परवाना मिळवा! अशा जाहिरातींत ज्यांना ‘परवडणारी उपनगरे’ म्हणतात, त्या जातीच्या एका वस्तीची हकीकत मला आज सांगायची आहे. पिरेअस बंदराच्या मागे वसलेली ही निकाइआ. जुनी माणसे तिला अजूनही कोकिनिया म्हणतात.

१९२२ साली तुर्कस्तानातील ग्रीक सैन्याचा पराभव झाला, स्मिर्ना शहर जळाले आणि किनाऱ्यावरचे ग्रीक लोक मिळेल त्या बोटीने पळाले. पुढच्या वर्षी लोझानच्या करारात दोन्ही देशांनी धर्माच्या निकषावर माणसांची सक्तीची अदलाबदल ठरवली. पन्नासेक लाख वस्तीच्या ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख निर्वासित आले. फाळणीनंतरचे कल्याण कॅम्प, म्हणजे आजचे उल्हासनगर, ज्यांनी पाहिले वा ऐकले आहे, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. अथेन्सच्या नगर नाट्यगृहात तर प्रेक्षकांच्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब संसार मांडून बसले होते.

१९२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली पुनर्वसन आयोग स्थापन झाला. त्याने परदेशी कर्ज उभारले आणि शहरांच्या कडेला वस्त्या वसवल्या. कोकिनिया त्यांतलीच एक. एक-दोन खोल्या, स्वयंपाकाला आडोसा, बाहेर थोडे अंगण. ही घरे फुकट नव्हती. निर्वासितांना ती हप्त्यांनी दिलेली होती आणि हप्ते फिटेपर्यंत मालकीचा पक्का कागद हाती पडत नसे. कित्येकांची ही कागदपत्रे पुढे अनेक वर्षे रेंगाळली.

आता खरी गंमत पुढे आहे. ग्रीसमध्ये लग्नात मुलीला घर द्यायची रीत होती. हुंडाच तो, पण सोन्याऐवजी खोल्यांत मोजलेला. रेने हिर्शन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात कोकिनियात राहून अभ्यास केला. त्यांना दिसले की दोन खोल्यांच्या त्या घरांखाली लोकांनी जमीन खणून तळघरे काढली होती. मुलगी लग्नाची झाली की आईबाप एक खोली तिला सोडत आणि आपण मागे सरकत. दुसरी मुलगी असेल तर खाली खणायचे. हुंड्याची कायदेशीर तरतूद १९८३ साली रद्द झाली, पण मुलीसाठी घर करून ठेवण्याची ओढ काही कायद्याने जात नाही. आपल्याकडे बाप मुलीसाठी पाटल्या-बांगड्या जमवतो, तसाच तो ग्रीक बाप विटा जमवत होता.

घरावर एवढा जीव का, याला आणखी एक कारण आहे. या लोकांचा पैशावरचा विश्वास दोनदा-तीनदा उडाला होता. जर्मन ताब्याच्या काळात महागाईने असा कळस गाठला की नोव्हेंबर १९४४ मध्ये ५००० कोटी जुन्या द्राख्मांना एक नवी द्राख्मा मिळाली. १९५३ साली द्राख्माचे अवमूल्यन होऊन डॉलर एकदम दुप्पट महागला. लोक घरांचे सौदेसुद्धा इंग्रजी सोन्याच्या नाण्यांत करीत. अशा देशात बँकेत पैसे ठेवणारा माणूस भोळा ठरतो.

पण चार मजली इमारत बांधायला भांडवल कुठून आणायचे? उत्तर निघाले ‘अँटिपारोखी’. १९२९ च्या कायद्याने एका इमारतीतील एकेका फ्लॅटची स्वतंत्र मालकी मान्य केली होती. (आपल्या महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा १९६३ चा, हे जाता जाता.) युद्धानंतर त्या कायद्याच्या आधाराने जागामालक आपला भूखंड बिल्डरला देऊ लागला आणि मोबदल्यात पैसे न घेता तयार इमारतीतले काही फ्लॅट घेऊ लागला. उरलेले फ्लॅट बिल्डर बांधकाम चालू असतानाच विकून टाकी. बँकेची गरज फारशी पडत नसे. मुंबईत जुन्या इमारतींचा पुनर्विकास ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. अथेन्स असे उभे राहिले आणि गच्च झाले. अंगणे गेली, झाडे गेली. माझ्या मते तरीही हा व्यवहार वाईट नव्हता, कारण बैठ्या घरातल्या कष्टकऱ्याच्या हाती दोन फ्लॅट आले: एक स्वतःला, एक मुलीला.

या इमारतींत घर घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात, असे तिथले जाणते सांगतात. पहिली, बांधकामाचे साल. १९८५ नंतर भूकंपाचे नियम कडक झाले. ७ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात अथेन्सच्या वायव्य उपनगरांत इमारती कोसळल्या आणि १४३ माणसे गेली. दुसरी, जमिनीतला आपला ‘हजारांश’ किती. त्यावर सामाईक खर्चाचा वाटा ठरतो, आणि हिवाळ्यात तेलाच्या बिलावरून शेजारी भांडतात ते त्यावरूनच.

मग २००८ नंतरचे संकट आले. २०११ मध्ये सरकारने घरावरचा कर थेट विजेच्या बिलात घातला. भरला नाही तर वीज तोडण्याची धमकी. २०१७ पर्यंत घरांच्या किमती चाळीस टक्क्यांहून अधिक उतरल्या. जे सोन्यापेक्षा भरवशाचे मानले, तेच गळ्यातले लोढणे झाले. वडिलांचा फ्लॅट वारशाने नको म्हणून मुले कोर्टात अर्ज करू लागली. एकेकाळी ऐंशी टक्क्यांच्या वर असलेले स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण २०२३ पर्यंत सत्तरच्या आसपास आले.

याच काळात, २०१३ साली, अडीच लाख युरोंचे घर घेणाऱ्या परदेशी माणसाला निवासाचा परवाना देण्याची योजना निघाली. २०२४ मध्ये अथेन्स परिसरात ही मर्यादा आठ लाख केली गेली. दुकान वा कार्यालयाचे घर करून घेतले तर अडीच लाखांची सवलत राहिली. इकडून जाणाऱ्याला रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आड येते, म्हणून नवरा-बायको मिळून पैसे पाठवतात.

निकाइआला २०२० च्या जुलैमध्ये मेट्रो पोहोचली. त्यामुळे आता त्या तळघरांवर उभ्या राहिलेल्या फ्लॅटना गिऱ्हाईक आहे, आणि भाडेही चढते आहे. ज्या नातींच्या आज्यांनी खोली खोली करून घर वाढवले, त्यांतल्या कित्येकींना आज त्याच वस्तीत भाड्याने जागा शोधावी लागते आहे.