राजाचं ताट आणि पंगतीची आमटी

फोनवर येसर आमटीची कृती शोधून पाहा. आधी कुणाच्या तरी आजीच्या आठवणी, मग पावसाचं वर्णन, मध्ये तीन जाहिराती, आपोआप सुरू होणारा एक व्हिडिओ. साहित्य दिसेपर्यंत अंगठा दमतो. आपल्याला हवं असतं एवढंच: काय, किती आणि कधी. पण एवढंसं कागदावर यायलाही आपल्याकडे शतकं लागली, आणि कुणाचं आधी आलं हेही बघण्यासारखं आहे.

हे मी कपिलधारला बसून लिहितेय. बीड जिल्ह्यातलं हे ठिकाण धबधब्यासाठी आणि मन्मथस्वामींच्या समाधीसाठी ओळखलं जातं. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला वीरशैव-लिंगायत भाविक पायी दिंड्या घेऊन येतात. चालणाऱ्यांच्या पिशवीत धपाटे, कारण ते दोन-तीन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. मुक्कामाला पंगत.

या पंगतीचा धागा कल्याणपर्यंत जातो, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणपर्यंत. तिथल्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११३० च्या सुमाराचा. राजाने कोणकोणते भोग घ्यावेत हे सांगताना त्यात 'अन्नभोग' येतो: वडे, इडलीसारखे पदार्थ, मासे, भाजलेलं मांस. पुढच्या काही दशकांत त्याच कल्याणात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह सांगितला. कष्टाने मिळवायचं आणि वाटून खायचं. गाव एकच. राजाच्या ताटाला ग्रंथ मिळाला, दासोहाचं अन्न मात्र हातातून हातात पुढे आलं.

छापखाना आल्यावर चित्र थोडं बदललं. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' निघालं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया'. एक हजार! एवढ्या कृती एका बाईंनी एकत्र करून ओळीने लावल्या, हे काम मला आजही थक्क करतं. मग १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. तिची खरी करामत मापात होती. वाटी आणि चमचा. शहरात वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलीच्या मागे सासू किंवा आई उभी नसायची. 'अंदाजाने घाल' हे तिच्या काही कामाचं नव्हतं. घरातलीच वाटी हातात दिल्यावर तिचं अडणं थांबलं.

तरी या पुस्तकांतली चूल मुख्यतः पांढरपेशा घरातली. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजतं ते नीट मांडलं गेलं २०१५ मध्ये, शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात. नावातच एक जुनं सुभाषित उलटवलंय. त्यात चान्या आहेत, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, रक्ती आहे, आणि या कृतींसोबत त्या कुणाच्या व का, हेही आहे. इथे मात्र मी आनंदाने स्क्रोल करीन. कारण ती गोष्ट काढली तर पदार्थच कळत नाही. जाहिरात अडवायला मध्ये आलेली गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

म्हणून फोनमध्ये मी कृती साठवते ती साध्या नोंदवहीत, फोटो नाही, सजावट नाही. पदार्थाच्या नावाने लावत नाही, घरात काय आहे त्यावरून लावते: ज्वारी, हुलगे, डाळी. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ, कुणाच्या घरची आणि कुठली. परवाची नोंद अशी: 'येसर. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची. धने, जिरे, सुकं खोबरं, मिरची भाजून सगळं एकत्र दळायचं, डब्यात वर्षभर. आमटीला: आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या फोडणीत सोडायचं, नाहीतर गुठळ्या. किती? पळीला चिकटेल इतकं. मांजरसुंब्याजवळच्या एका घरून.'

'पळीला चिकटेल इतकं' याची वाटी मी अजून केलेली नाही.