लाल वायर म्हणजे नेमकी कोणती?

जुनं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग हाती आलं की आपण आधी चिन्हं लावायला बसतो. कोअरसमोर 'लाल' असं लिहिलेलं दिसतं आणि आपण पुढे सरकतो. तिथेच थांबा. लाल कोणत्या देशातला आणि कोणत्या सालचा, हे आधी ठरवा.

१९६०च्या दशकातला ब्रिटन घ्या. तिथे उपकरणाच्या वायरीत लाल म्हणजे फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थिंग. जर्मनीत मात्र १९६५ पर्यंत लाल हाच अर्थिंगचा रंग होता. त्या काळात ब्रिटनमध्ये उपकरणं बहुधा प्लगशिवाय विकली जात, प्लग गिऱ्हाईक घरीच बसवी. आता जर्मन इस्त्रीची कल्पना करा. घरमालकाने सवयीने लाल वायर फेजच्या पिनेला लावली, की इस्त्रीचं धातूचं अंगच थेट २४० व्होल्टला जोडलं गेलं! कारखान्याने त्याच्या देशाचा नियम पाळला होता, घरमालकानेही त्याच्या देशाचा. तरी हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात.

म्हणून युरोपात नवे रंग ठरले: फेज तपकिरी, न्यूट्रल निळा, अर्थिंग हिरवा-पिवळा पट्टेरी. (लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यालाही पट्टे ओळखू येतात, हा मोठाच फायदा.) ब्रिटनने १९६९ साली तसे नियम केले, पण ते उपकरणांपुरतेच. भिंतीतल्या वायरिंगला नवे रंग यायला २००४ उजाडलं, आणि नव्या कामात ते सक्तीचे झाले एप्रिल २००६ पासून.

इथे खरी गोची झाली. तीन फेजच्या जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये निळा म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल. नव्यात बरोब्बर उलट! एकाच इमारतीत दोन्ही काळातली कामं असतील तर पूर्वी बोर्डावर इशारा लावावा लागे, आणि जुनं-नवं जिथे जुळतं तिथे रंगावर न विसंबता 'एल१', 'एन' अशा खुणा कराव्या लागतात. आपल्याकडे तर तीन फेजना अजून लाल-पिवळा-निळाच चालतो. म्हणजे पुण्यातल्या ड्रॉइंगमधला निळा आणि लंडनच्या आजच्या ड्रॉइंगमधला निळा हे एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

कंट्रोल केबलमध्ये कोअर इतके असतात की रंगच पुरत नाहीत. आपल्या आयएस १५५४ मध्ये यावर एक युक्ती आहे, मला ती फार आवडते. सहा किंवा जास्त कोअर असतील तर प्रत्येक थरात शेजारी-शेजारी एक निळा, एक पिवळा. बाकी सगळे करडे. एकाने मोजणीची सुरुवात कळते, दुसऱ्याने दिशा. दिशा कशाला? कारण केबलच्या एका टोकाकडून पाहताना जी मोजणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाते, ती दुसऱ्या टोकाकडून पाहताना उलटी जाते. दोन टोकांना दोन माणसं उजवीकडेच मोजत बसली, तर एकाचा दोन नंबर म्हणजे दुसऱ्याचा शेवटचा.

शिवाय नंबर सात म्हणजे काय, हे केबल कधीच सांगत नाही. ते कोअर शेड्यूलमध्ये असतं. त्यामुळे अर्काइव्हमधून ड्रॉइंगची प्रत मागताना शेड्यूलचं पानही मागा, आणि टायटल ब्लॉकमधली रिव्हिजनची तारीख आणि स्टँडर्डचा क्रमांक वहीत आधी उतरवून घ्या.