नहरीचे पाणी आणि शेजारधर्म

आमच्या शहराचा इतिहास सांगताना दरवाजे, मकबरा व लेणी यांचे वर्णन पुष्कळ होते. येथील माणूस रोजचे पाणी कसे मिळवी व वापरी, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ज्ञातिबांधवांपुढे आज तोच विषय ठेवावा, असे आम्हांस वाटते.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली आणि पुढे उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झिरपे भूमिगत नळांनी गावात आणले. या नहर-ए-अंबरीला मोट लागे ना बैल. पाणी केवळ उताराने वाहे. परंतु उताराचा एक नियम असतो. वरच्याने अधिक घेतले, की खालच्याचा हौद रिता राहतो. त्यामुळे घरात किती पाणी खर्चावे, हा ज्याच्या त्याच्या खुशीचा प्रश्न नसे. तो शेजाऱ्याचाही असे. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी राहिली. हर्सूलकडून आलेले पाणी तेथे जाते फिरवी व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. तेच पाणी हौदात साठे आणि हौदाखालचे दालन थंड राखी. एका पाण्याची तीन कामे! काटकसर हा शब्दही न उच्चारता ती साधली होती, कारण पाण्यामागे आल्यागेल्याला जेवू घालण्याचे कर्तव्य होते.

तथापि या शेजारधर्माच्या स्तुतीत वाहून जाण्याची आमची इच्छा नाही. जवळच्याच दौलताबादच्या किल्ल्यावर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी गेले असता, तेथील हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतल्यावरून हौद बाटविल्याचा गिल्ला झाला. अखेर त्यांस आत सोडले, ते कोठेही पाण्यास हात लागू नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देऊन. गिल्ला करणारे मुसलमान होते हे खरे. परंतु बाटाची कल्पना आपल्याच जातिव्यवस्थेतील, आणि आपली ही संस्थाही त्याच व्यवस्थेचे अपत्य होय. या पानांवर हे लिहिणे अवघड असले, तरी टाळता येत नाही.

१९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण झाले व पुढे नाथसागराचे पाणी यंत्रांनी चढवून शहरास मिळू लागले. नळाने कोणाची जात विचारली नाही, हे त्याचे थोर उपकार. पण त्याने शेजाऱ्याची गरजही विचारली नाही. प्रत्येक घर आपापल्या टाकीपुरते झाले. अलीकडच्या वर्षांत पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने येऊ लागले, तेव्हा मोठ्या टाकीवाल्यास ते पुरले. इतरांनी टँकरची वाट पाहिली.

हुंडा, मानपान व पंगती यांवर मर्यादा घालणारे ठराव निरनिराळ्या ज्ञातिसभांनी वेळोवेळी केले. लग्नाच्या मांडवात पाणी किती खर्चावे, असा ठराव अद्याप आमच्या पाहण्यात नाही.