हजार रुपयांच्या पेन्शनचा इतिहास

आळंदी म्हटले की वारी आठवते. पण एका अंगाला भोसरी आणि दुसऱ्या अंगाला चाकण असल्यामुळे ती कामगारांचीही वस्ती आहे. इथल्या कितीतरी घरांत उभे आयुष्य यंत्रावर घालवलेला एक वृद्ध असतो आणि त्याची पेन्शन औषधांनाही पुरत नाही. ‘तेव्हाच साठवायला हवे होते’ असे त्याला सहज ऐकवले जाते. ही तूट त्याच्या हातून किती घडली आणि कायद्याने किती घडवली, याविषयी हा धागा.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. आरंभी तो सहाच उद्योगांना लागू होता; अभियांत्रिकी त्यांपैकी एक. कामगार आणि मालक, प्रत्येकी सव्वासहा टक्के. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडचा पट्टा वाढत गेला आणि गावोगावची शेतकऱ्यांची मुले या कायद्याच्या कक्षेत आली. निवृत्तीला एकरकमी पैसा मिळे. दरमहा काहीही नाही. तो पैसा मुलीच्या लग्नात, गावाकडच्या कर्जात, गुंठाभर जागेवरच्या दोन खोल्यांत जाई. याला उधळपट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. म्हातारपणी मुलगाच सांभाळणार हे ज्या समाजात गृहीत होते, तिथे मुलाच्या घरात घातलेला पैसा हीच गुंतवणूक होती.

१९७१ मध्ये कुटुंब पेन्शन योजना आली. सेवेत असताना कामगार वारला, तर त्याच्या कुटुंबाला दरमहा रक्कम. जो जगून निवृत्त झाला, त्याला मासिक पेन्शन नव्हतीच!

ती मिळाली १६ नोव्हेंबर १९९५ पासून, ‘ईपीएस-९५’ या योजनेने. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन निधीकडे वळवण्यात आले. केंद्र सरकार १.१६ टक्के घालू लागले. सूत्र साधे होते : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. मेख ‘पेन्शनपात्र’ या शब्दात आहे. खरा पगार कितीही असो, हिशेबासाठी मर्यादा ५,००० रुपयांची. २००१ पासून ६,५०० ची. युनियनच्या करारांनी पगार वाढत राहिले, मर्यादा मात्र पुढची तेरा वर्षे जागची हलली नाही. १९९५ ते २०१३ या अठरा वर्षांच्या सेवेचे उत्तर येते दरमहा १,६७१ रुपये.

आणि १९९५ पूर्वीची सेवा? वीस वर्षांहून अधिक जुन्या सेवेसाठी, पगार अडीच हजारांवर असला तरी, मूळ आकडा १७० रुपये. निवृत्तीला उरलेल्या वर्षांप्रमाणे त्याला गुणक लागे, एवढेच. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या जुन्या पेन्शनशी तुलना करताना हा फरक बहुधा नजरेतून सुटतो.

दरम्यान २००७ मध्ये संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्यानुसार मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. २०१३ मध्ये कोश्यारी समितीने किमान पेन्शन ३,००० करावी असे सुचवले. सप्टेंबर २०१४ पासून लागू झाली १,००० ची. म्हणजे ज्या मुलाची स्वतःची नोकरी चाकणमध्ये ठेकेदारामार्फत चालते, त्याच्याकडून कायदा दहा हजारांपर्यंतची अपेक्षा धरतो. पेन्शन निधीची हमी त्याच्या दहाव्या हिश्श्याची.

२०१४ मध्येच पगाराची मर्यादा १५,००० झाली, परंतु आधी निवृत्त झालेल्यांना तिचा लाभ नाही. खऱ्या पगारावर पेन्शन मिळण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने काहींना वाट मिळाली; १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेले बाहेरच राहिले. पर्याय द्यायचा असतो हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितले असेल?

किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता या मागणीसाठी डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केले. आंदोलनांच्या बातम्यांत एक तरतूद क्वचितच येते. पेन्शनर वारल्यावर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. १,६७१ चे निम्मे ८३६ रुपये. २०१४ च्या किमान मर्यादेमुळे तिच्या खात्यात हजार जमा होतात.