कॅम्प

अतिमानवी नायकांच्या चित्रपटांची परीक्षणे वाचताना ‘कॅम्पी’ हे विशेषण इतक्या वेळा आढळते, की पुण्यातील लष्कर भागाला जन्मभर ‘कॅम्प’ म्हणत आलेल्या माणसास, वटवाघळाचा मुखवटा धारण करणाऱ्या नायकाचा छावणीशी काय संबंध, असा प्रश्न पडावा. संबंध आहे, पण दूरचा. लॅटिन ‘काम्पुस’ म्हणजे मैदान, त्यावरून सैन्याचा तळ. आणि तळ ठोकावा तसे ऐटीत पवित्रा घेऊन उभे राहणे या अर्थी फ्रेंचांनी जे क्रियापद घडविले, त्यातून अतिरंजित हावभावांचा वाचक असा हा इंग्रजी शब्द निघाला असावा. १९०९ साली तो रेडिंग वेअरच्या कोशात दाखल झाला, समलिंगी पुरुषांच्या सांकेतिक बोलीत वाढला, आणि १९६४ मध्ये सुसान सॉन्टॅग यांच्या निबंधाने त्याला सौंदर्यविचाराच्या दरबारी रीतसर सनद मिळाली.

दोनच वर्षांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवर अ‍ॅडम वेस्टचा बॅटमन अवतरला. हाणामारीत ठोशांचे आवाज पडद्यावर रंगीत अक्षरांत उमटत, तरी वेस्टची मुद्रा न्यायाधीशासारखी अविचल असे. ते गांभीर्य हीच, माझ्या मते, खरी मौज. १९९७ च्या ‘बॅटमन अँड रॉबिन’चा तसलाच थाट समीक्षकांनी नामंजूर केला, आणि २००५ च्या बॅटमनपटात दिग्दर्शक ख्रिस्टोफर नोलन यांनी नायकाच्या मोटारीला व चिलखताला लष्करी सामग्रीचा दाखला जोडून वास्तववाद प्रस्थापित केला, अर्थात छावणीकडेच धाव घेतली!

तेव्हापासून ‘कॅम्पी’ हे दूषण ठरले होते. अलीकडे मात्र, वास्तवाच्या काळोख्या छायेला कंटाळलेले तरुण प्रेक्षक तेच विशेषण निःसंकोचपणे कौतुकाने योजतात.